दहावीच्या निकालामागचे घर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला एका माध्यमिक शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत एकच चर्चा सुरू होते. 2025 च्या निकालात राज्य 94.10 टक्क्यांवर होते. कोकण विभाग 98.82 टक्के घेऊन पहिला आला आणि नऊ विभागांच्या तळाला आपला नागपूर विभाग होता, 90.78 टक्क्यांवर. असा निकाल आला की शाळाशाळांत कारणमीमांसा होते आणि इतिवृत्तात ठरलेली कारणे उतरतात : पालक अशिक्षित, घरी अभ्यासाचे वातावरण नाही, कुटुंब कामासाठी बाहेरगावी. खाली सह्या होतात आणि सभा संपते.

ही कारणे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जिथून चर्चा सुरू व्हायला हवी तिथेच ती या कारणांपाशी संपते. घरच्या परिस्थितीचा मुलाच्या अभ्यासावर परिणाम होतो, हे सांगायला व्याख्याता लागत नाही. तो नेमका कुठून होतो, त्यातला किती भाग घराच्या हातात आहे आणि किती शाळेच्या व शासनाच्या, एवढेच मला आज तपासायचे आहे.

आधी निकालाच्या आकड्याविषयी दोन गोष्टी. नुसत्या पैशाने निकाल लागत असता तर मुंबई आणि पुणे विभाग वर असते. प्रत्यक्षात ते दोन्ही कोकणाच्या मागे आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे काही धनाढ्य जिल्हे नव्हेत. तुटपुंजी शेती आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर तिथल्या पिढ्या वाढल्या. पण त्या मनिऑर्डरीबरोबर पत्र यायचे, ते वाचायला आणि उत्तर लिहायला घरात कुणीतरी लागायचे, आणि शिकल्याने नोकरी लागते हे प्रत्येक वाडीने डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा घरची पार्श्वभूमी म्हणजे फक्त उत्पन्नाचा दाखला नव्हे. दुसरी गोष्ट अशी की टक्केवारी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांची. आठवीनंतर शाळा सोडलेली आणि नववीत नापास होऊन घरी बसलेली मुले त्या टक्केवारीत कुठेच नसतात. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, पण त्याचे छत्र 6 ते 14 वयापुरतेच आहे. माध्यमिक शाळा सुरू होते ती नेमकी ते छत्र संपल्यावर. म्हणून आपल्या भागात खरी चाळणी दहावीला लागत नाही, ती नववीतच लागून गेलेली असते.

हा प्रश्न नवा नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात तो स्पष्ट मांडलेला आहे. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, ही त्यांची तक्रार आपण नेहमी सांगतो. त्याच निवेदनातला दुसरा मुद्दा मात्र मागे पडतो. शेतकऱ्याची मुले शाळेत का टिकत नाहीत, तर घरच्या दारिद्र्यामुळे ती गुरे राखायला आणि शेत सांभाळायला लागतात, हे त्यांनी नोंदवले. त्यावर उपाय म्हणून बापाला उपदेश करा असे ते म्हणाले नाहीत. शाळा वाढवा आणि अशा मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्या, असे त्यांनी सरकारला सांगितले. मूल घरी जे काम करते त्याची किंमत आहे आणि ती कुणीतरी भरून दिली पाहिजे, हा हिशेब त्यांनी तेव्हाच मांडला होता.

त्यानंतर 84 वर्षांनी अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा अहवाल आला. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने तो करवून घेतला होता. सुमारे 4,000 शाळा आणि सहा लाखांहून अधिक विद्यार्थी तपासून 1966 मध्ये त्याने निष्कर्ष काढला की शाळेची इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांपेक्षा मुलाचे घर कसे आहे आणि वर्गातली बाकीची मुले कोणत्या घरांतून आली आहेत, याचा गुणांवर जास्त परिणाम होतो. या निष्कर्षाने जगभर खळबळ उडाली. आळशी व्यवस्थांना मात्र तो सोयीचा वाटला. सगळे घरावरच ठरते म्हटल्यावर शाळेने जीव का काढायचा?

आता आपल्या घरांकडे येऊ. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत गडचिरोलीची साक्षरता सुमारे 74 टक्के आणि चंद्रपूरची सुमारे 80 टक्के होती. गडचिरोलीत शंभरातले 38 ते 39 लोक अनुसूचित जमातींचे. चंद्रपूरची ऊर्जानगर वसाहत, बल्लारपूरची कागद गिरणी, कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या वसाहती यांतली मुले, आणि जिवतीच्या पहाडावरच्या कोलाम गुड्यातली किंवा भामरागडच्या पलीकडच्या माडिया पाड्यावरची मुले एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. या दोन घरांमध्ये काय काय फरक आहे ते मी एकेक करून घेतो.

पहिला फरक वर्षाच्या वेळापत्रकाचा. आपला मुलूख धानाचा. जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. माजी मालगुजारी तलावाचे पाणी पोहोचते तिथे ठीक, बाकी ठिकाणी एका पिकावर वर्ष निघत नाही. म्हणून मूल, सावली, सिंदेवाही, चामोर्शी या भागांतली कुटुंबे धान निघाल्यावर तेलंगणात मिरची तोडायला जातात. कित्येकांचा मुक्काम मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो. आईबाप गेले की मोठी मुलगी धाकट्यांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळायला मागे राहते, नाहीतर तीही सोबत जाते. दोन्हींत अभ्यास बुडतो. आणि हे सगळे कधी, तर सराव परीक्षा, प्रात्यक्षिके आणि बोर्डाची परीक्षा ज्या महिन्यांत येतात नेमके तेव्हा.

जे गावात राहतात त्यांचा मार्च महिना मोहाचा. मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात. उशीर केला तर गुरे, हरणे, अस्वले खाऊन जातात, म्हणून घरातली सगळी माणसे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो. लहान हात चपळ असतात, चौदा-पंधरा वर्षांचे पोर मोठ्या माणसाच्या बरोबरीने वेचते. उन्हे वर आली की टोपल्या घरी आणायच्या, अंगणात फुले पसरायची, मग अंघोळ, कण्या किंवा शिळा भात, आणि अकराच्या पेपरला केंद्र गाठायचे. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलात वाकून मोह वेचणाऱ्या माणसावर वाघ झडप घालतो, त्यामुळे एकट्याला पाठवत नाहीत, पोरांना सोबतीला नेतातच. दहावीचे पेपर मार्चमध्ये उरकतात. नववीची वार्षिक परीक्षा मात्र एप्रिलमध्ये, मोह भर पडत असतानाच येते. त्यामागोमाग तेंदूचा हंगाम. पहाटे पाने तोडायची, दुपारी 70 पानांचे एकेक पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे. या काही आठवड्यांत कुटुंबाच्या हाती जी रोकड येते तिच्यावर पावसाळ्याचे बियाणे, दवाखाना आणि पोरांच्या वह्यासुद्धा निघतात. अशा बापाला ‘मुलाच्या शिक्षणाबद्दल उदासीन’ म्हणणे हे आपले अज्ञान आहे. मुलाच्या वह्यांसाठी तो मुलालाच जंगलात नेतो आहे, इतकी ती गाठ घट्ट आहे.

दुसरा फरक भाषेचा. घरी गोंडी किंवा माडिया, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, सिरोंचा-अहेरीत तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली, आणि बाकी ठिकाणी झाडीबोली. पुस्तक मात्र सगळ्यांना एकाच प्रमाण मराठीत. पहिलीतले मूल गप्प बसले तर शिक्षकाच्या लक्षात येते. नववीतला मुलगा गप्प बसला तर त्याला ‘ढ’ ठरवतात. त्याला भूमितीचे प्रमेय कळलेले असते, सिद्धता लिहायला वाक्य जुळत नाही. इतिहासाच्या उत्तरात तो घोकलेले लिहितो, कारण स्वतःचे वाक्य चुकेल याची भीती असते. शिकलेल्या घरातले मूल जेवताना, बातम्या ऐकताना ही भाषा आपोआप उचलते. या मुलाला ती शाळेतच मिळणार, दुसरीकडे कुठे नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली ती याच जाणिवेतून. गोंडी भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, तिला ना मंडळ, ना पाठ्यपुस्तक. तरी एका गावाला हे करावेसे वाटले, त्यातून पालकांच्या ‘अनास्थे’बद्दलचे आपले मत तपासून घ्यावे. जिवती तालुक्यात तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात अशी 14 गावे आहेत. तिथे मराठी शाळाही आहे आणि तेलुगूही. कुठली निवडायची हे ठरवताना बापाला मुलाच्या दाखल्याचा, नोकरीचा आणि राज्याचाच विचार करावा लागतो.

तिसरा फरक कागदांचा. या फरकाबद्दल आपण फार कमी बोलतो. शिकलेल्या घरात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कपाटात असतो. आमच्याकडे रेशनकार्ड, आधार, जॉबकार्ड आणि नशीब असेल तर वनहक्काचा पट्टा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगलेले असतात, उंदीर आणि पाणी लागू नये म्हणून. दहावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे पुरावे विचारले जातात. ज्या घरातला आजा शाळेची पायरी चढलाच नाही, त्याचा शाळेतला पुरावा कुठून येणार? मग महसुली नोंदी, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी शोधत तालुक्याला खेपा. नावात एका अक्षराचा फरक निघाला की पुन्हा प्रतिज्ञापत्र. प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडते. आधीच्या पिढीच्या निरक्षरतेचा दंड शासन अशा रीतीने नातवाकडून वसूल करते. मुलात कितीही हुशारी असली तरी कागद मिळेपर्यंत प्रवेशाची तारीख टळून गेलेली असते.

चौथा फरक अंतराचा, आणि तो मुलींना दुप्पट पडतो. चौथीपर्यंतची शाळा गावात, पुढची शेजारच्या गावी, नववी-दहावीची मोठ्या गावात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. हा आपल्या भागातला खरोखर उपयोगी पडलेला बदल आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. बस जिथून वळते तिथून पुढचा जंगलातला रस्ता उरतोच, आणि वाघाची बातमी आली की बाप पहिल्यांदा मुलीची शाळा बंद करतो. त्यात पाणी, सरपण, स्वयंपाक तिच्याकडे. गोंड-माडिया गावांत पाळीच्या दिवसांत मुलीला कुर्माघरात राहावे लागते. तिथल्या अंधारात पुस्तक उघडण्याची सोय नाही आणि महिन्याचे चार-पाच दिवस शाळाही बुडते.

पाचवी बाब आरोग्याची आणि दारूची. सिकलसेलचा आजार आपल्या भागात मोठा आहे. सांधे दुखतात, अंग थकते, आणि मास्तर हजेरीपटावर नुसतीच गैरहजेरी लावतात. दारूबद्दल बायकांनी आधीच बोलून ठेवले आहे. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात बायकांनी मोर्चे काढून, पायी चालून ती 2015 मध्ये मिळवली आणि 2021 मध्ये ती उठलीही. बंदी किती यशस्वी झाली यावर वाद घालता येईल. रात्री बाप पिऊन आल्यावर त्या घरात पाढे म्हणता येत नाहीत, यावर वाद नाही.

हे पाच फरक मी मुद्दाम सुटे करून मांडले. एकत्र ठेवले की ते डोंगराएवढे दिसतात आणि आपण हात टेकतो. सुटे केले की दिसते, यातले फार थोडे त्या आईबापांच्या स्वभावातून आलेले आहे. परीक्षेची तारीख घराने ठरवलेली नाही. पुस्तकाची भाषा घराने निवडलेली नाही. पुराव्याचा नियम घराने केलेला नाही. बसची फेरी घराच्या हातात नाही. तरी इतिवृत्तात दोषी म्हणून नाव लागते ते घराचे.

कोलमनच्या अहवालानंतर 17 वर्षांनी, 1983 मध्ये, हेनिमन आणि लॉक्स्ली या दोघांनी श्रीमंत-गरीब अशा 29 देशांतल्या प्राथमिक शाळांची आकडेवारी तपासली. त्यांना उलट चित्र दिसले. देश जितका गरीब तितका घरच्या दर्जाचा प्रभाव कमी, आणि शाळेचा व शिक्षकाचा प्रभाव जास्त. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले, काळाप्रमाणे चित्र बदलल्याचेही दाखवले. म्हणून मी तो शेवटचा शब्द म्हणून सांगत नाही. पण त्यातला तर्क आपल्या भागाला चपखल बसतो. पुण्यातल्या मुलाची शाळा वाईट निघाली तर शिकवणी आहे, शिकलेली आई आहे, मोबाइलवर धडे आहेत. एटापल्लीच्या मुलाची शाळा वाईट निघाली तर मागे काहीच नाही. ज्याच्या घरात अभ्यासाचा दिवा नाही त्याला शाळेचाच दिवा पुरवावा लागतो, आणि तो विझला तर पूर्ण अंधार होतो.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे बाबा आमट्यांनी 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि 1976 मध्ये डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या पुढाकाराने तिथे आश्रमशाळा उभी राहिली. जिथे माणसे परक्याला पाहून पळत, तिथल्या निरक्षर घरांतली मुले शिकून डॉक्टर, शिक्षक, वकील झाली. घर तेच होते, जंगल तेच होते, बापाची सही अंगठ्याचीच होती. बदलली ती शाळा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : तो अपवाद आहे, तिथे आमटे होते. आणि उलट बाजूने दुसरा येतो : जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या गरीब घरातले मा. सां. कन्नमवार 1962 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झालेच ना? पहिला आक्षेप निराशा शिकवतो, दुसरा दिखाऊ आशा. दोन्हींत व्यवस्था मोकळी सुटते. सामान्य मुलाला सामान्य शाळेत, सामान्य शिक्षकाच्या हाताखाली, असामान्य जिद्द न लावता दहावी होता आले पाहिजे. शाळा सार्वजनिक असते ती याचसाठी.

म्हणून शेवटी काही ठोस गोष्टी सुचवतो. यातली एकही अशक्य कोटीतली नाही.

ऊसतोड मजुरांची मुले गावी राहून शिकावीत म्हणून मराठवाड्यात हंगामी वसतिगृहांची योजना आली. मिरचीच्या हंगामासाठी आणि खास करून नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी तशी सोय मूल, सावली, चामोर्शीच्या गावांत व्हावी. नववीची वार्षिक परीक्षा कधी घ्यायची याबाबत जेवढी मोकळीक शाळेला आहे तेवढी मोहाचा हंगाम पाहून वापरावी, आणि जेवढी नाही तेवढी जिल्हा परिषदेने व आदिवासी प्रकल्प कार्यालयांनी मागून घ्यावी. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर अशी पाच कार्यालये आपल्याकडे आहेत.

कागदांचे काम आठवीतच सुरू व्हावे. शाळेत शिबिर लावून तहसीलचा माणूस मुलापर्यंत यावा, मुलाच्या बापाने तालुक्याला चकरा मारू नयेत. नववीच्या पहिल्या दोन महिन्यांत विषय बाजूला ठेवून भाषेची तयारी करून घ्यावी. मुलाच्या बोलीत प्रश्न विचारावा, उत्तर मराठीत लिहायला शिकवावे. गोंडी जाणणारा तरुण गावात असतोच, त्याला मानधन द्यावे.

आणि संध्याकाळची अभ्यासिका. मेंढा-लेखासारख्या गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. आज अनेक ग्रामसभांकडे तेंदू-बांबूचा स्वतःचा पैसा येतो. त्यातून एक खोली, दोन दिवे, दहा सतरंज्या आणि दहावी-बारावी झालेला गावातलाच एक मुलगा किंवा मुलगी सात ते नऊ बसवायची, एवढेच. पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ म्हणून काही गावांत वाचनालये उभी केली आहेत, तीही यासाठी उघडी ठेवता येतील. पिऊन आलेल्या बापाच्या घरातल्या मुलाला त्या दोन तासांची जागा मिळाली तर त्याचे वर्ष वाचते.

शिक्षक मित्रांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या निकालानंतर कारणमीमांसेचा कागद समोर आला की ‘घरी अभ्यासाचे वातावरण नाही’ हे कारण लिहू नका. ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जागी लिहा की अमुक मुलगा तोडणीवर गेला तेव्हा आम्ही त्याच्यासाठी काय केले, अमुक मुलीचा दाखला अडला तेव्हा तहसीलला कोण गेले, आणि नववीत गळालेल्यांच्या घरी कोण जाऊन आले. लिहायला काहीच नसेल तर तो रकाना कोरा सोडा आणि खाली सही करा.